धूर नाही आणि दमही नाही : एका दहाटायरी गाडीच्या कामाच्या नोंदी

२ जानेवारी २०२५, गुरुवार

सकाळी अकराला सोलापुरात माझ्या गॅरेजवर गाडी आली. दहा टायर, सहा सिलिंडर, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा) आणि इंटरकूलर, २०१२ चं मॉडेल, बीएस-३ (प्रदूषणाचा जुना नियम), लाइन पंप (सिलिंडरांना डिझेल देणारा यांत्रिक पंप). म्हणजे ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) नाही आणि स्कॅनर लावायची सोय नाही. जे कळायचं ते कान, डोळे आणि गेज यांच्याकडूनच. अण्णा स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर, वय साठीच्या पुढं. सिमेंटच्या गोण्या भरून लातूरला जातात, येताना मिळेल तो माल. कांद्याच्या दिवसांत मार्केट यार्डातून हैदराबादची खेप.

तक्रार त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवतो. "मिस्त्री, गाडी ओढंना झालीय. सपाटीला कळत नाही, पण तुळजापूरचा घाट लागला की बसायलीय. पूर्वी तिसऱ्यात चढायची, आता दुसऱ्यात बी रडायलीय."

दिवाळीनंतर एका गॅरेजात टर्बो बदलून घेतला, साडेअठ्ठावीस हजार गेले. फरक शून्य. टर्बो गेलाय हे कशावरून ठरवलं, असं मी विचारलं. "उभ्या गाडीला रेस केली, गेजचा काटा हलला नाही, म्हणून टर्बो गेला म्हणाले." ऐकून वाईट वाटलं. न्यूट्रलमध्ये नुसती रेस केली तर चांगल्या गाडीचाही काटा जेमतेम हलतो. लोड नसेल तर इंजिन डिझेल मागत नाही, डिझेल जळलं नाही तर एक्झॉस्टला उष्णता नाही, आणि उष्णता नसेल तर टर्बोचा पंखा फिरवायला जोर कुठून येणार? बूस्ट, म्हणजे टर्बोनं कोंबलेल्या हवेचं प्रेशर, मोजायचा तर गाडी भरलेली हवी, चढ हवा, आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला हवा.

मग नेहमीचे प्रश्न. एकदम झालं की हळूहळू? हळूहळू, पावसाळ्यापासून. ॲव्हरेज? लिटरला चार देत होती, आता साडेतीनच्या खाली. सकाळी स्टार्ट? दोन-तीन सेल्फ जास्त लागतात. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न : घाटात मागं काळा धूर पडतो का? अण्णा म्हणाले, "अजिबात नाही. उलट पूर्वीपेक्षा साफ आहे."

पाटीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं, "धूर नाही". हेल्परला सांगितलं, काम संपेपर्यंत हे पुसायचं नाही. डिझेल पुरेसं आणि हवा कमी, तर काळा धूर पडणारच. हवाही कमी आणि धूरही नाही, याचा अर्थ डिझेलसुद्धा कमी पडतंय. फक्त टर्बो मेला असता तर ही गाडी घाटात मागच्या मोटारसायकलवाल्याचं तोंड काळं करत गेली असती. (नव्या गाड्यांना हा हिशेब तसाच लावू नये. तिथं धूर पडू नये म्हणून ईसीएमच डिझेल कापतो.)

३ जानेवारी, शुक्रवार

इंजिनला हात लावायच्या आधी इंजिनाबाहेरचं. गाडी हैदराबाद रोडला दहा किलोमीटर फिरवून आणली आणि सगळ्या ड्रमना हात लावून पाहिला. कुठलाही ड्रम जास्त तापलेला नाही, म्हणजे ब्रेक धरत नाही. क्लच घसरत नाही : वरच्या गिअरमध्ये पूर्ण दाबलं तरी आरपीएम सुटून पळत नाही.

मग ॲक्सिलरेटर. हे काम दोघांचं. हेल्परनं केबिनमध्ये पेडल पूर्ण दाबून धरलं, मी पंपाजवळ. लिव्हर मॅक्सच्या स्टॉपला टेकायला दोन-तीन मिलिमीटर बाकी. लिंकेजचा बुश झिजलेला. बुश बदलला, रॉड ॲडजस्ट केला, आता टेकते. असल्या दोन मिलिमीटरपायी लोक पंप उतरवतात. पण एवढ्यानं घाटात गिअर उतरेल असं मला वाटत नाही, म्हणून हे कारण सापडलं असं लिहीत नाही.

एअर फिल्टर बाहेरून मळका, आतून ठीक. तरी डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही. पारदर्शक नळीचा यू करून त्यात पाणी भरलं, फळीला बांधलं. फिल्टरच्या पुढच्या पाइपला जोडून लोडवर बघायचं. बहुतेक इंजिनांना साधारण ६०० ते ६५० मिमी पाण्यापर्यंतची ओढ चालते, त्यापुढं फिल्टर बदलायचा.

एक्झॉस्ट ब्रेकची फडकी पूर्ण उघडते का तेही बघितलं. ती अर्धवट अडकली तर सायलेन्सरच्या तोंडात बोळा कोंबल्यासारखं होतं, आणि बाहेरून काही दिसत नाही. इथं उघडते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पॅकिंगला काजळीची रेघ नाही.

४ जानेवारी, शनिवार

अण्णा काढलेला जुना टर्बो घेऊन आले, गोणपाटात गुंडाळलेला. त्यांनी तो भंगारात दिला नव्हता याचा मला फार आनंद झाला. डिझेलनं धुतला. हातानं पंखा फिरवला, मोकळा फिरतो. डायल गेज लावून शाफ्टचा पुढंमागं खेळ पाहिला : ०.०६ मिमी. एकाही पात्याला घासल्याची खूण नाही, बाहेरच्या कवचाला आतून चरा नाही, एक्झॉस्टकडं ऑइल आल्याचा डाग नाही. टर्बो चांगला होता.

वेस्टगेटही तपासला. बूस्ट फार वाढला की त्याची फडकी उघडते आणि एक्झॉस्ट पंख्याला वळसा घालून जातो; ती फडकी उघडणारी डबी म्हणजे ॲक्चुएटर. कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटरमधून थोडी थोडी वाढवत ॲक्चुएटरला दिली. १.२ बारला रॉड हलायला लागला, हवा काढली की पूर्ण परत आला. नव्या टर्बोचाही तसाच. इथं बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. ॲक्चुएटरचा पडदा फाटला तर बूस्ट कमी होत नाही, वाढतो, कारण मग फडकी उघडणारच नाही. कमी बूस्टसाठी वेस्टगेटला दोष द्यायचा तर फडकी उघडी अडकलेली हवी किंवा स्प्रिंग मेलेली. दोन्ही नाही.

अण्णांना खरं काय ते सांगितलं. थोडा वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे पैसे गेले." मी म्हटलं, अण्णा, पैसे गेले ते गेले, पण हा टर्बो टाकू नका. तोंडं कापडानं बंद करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, स्पेअर म्हणून उपयोगी येईल.

६ जानेवारी, सोमवार

आज खरं मोजमाप. इनटेक मॅनिफोल्डवरचा (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप; पुढं नुसतं मॅनिफोल्ड लिहितो) एक प्लग काढून टी बसवला. त्यातून ब्रेकच्या एअर लाइनला वापरतात ती सहा मिमीची नायलॉन नळी काढून खिडकीतून केबिनमध्ये आणली. गेज शून्य ते अडीच बारचा. नळीच्या तोंडाशी बारीक भोकाचा तुकडा घातला, नाहीतर काटा इतका थरथरतो की वाचता येत नाही.

आकडा चांगला की वाईट हे कशाशी ताडायचं? पुस्तकातला आकडा नव्या इंजिनाचा असतो. अण्णांच्या व्याह्यांकडं हेच मॉडेल आहे, एक वर्षानं नवं, आणि ते विनातक्रार चालतं. त्यांनी मोठ्या मनानं गाडी दिली. दोन्ही गाड्यांत सोळा-सोळा टन सिमेंट, दोन्ही लातूरला जाणाऱ्या. पहाटे निघालो. तामलवाडीच्या टोलनाक्यापर्यंत व्याह्यांच्या गाडीत बसून गेज बसवलेलं नीट चालतंय ना ते पाहिलं, आणि पुढं घाटात मोजलं.

व्याह्यांची गाडी : तिसरा गिअर, १८०० आरपीएम, पूर्ण दाबलेलं. १.१० बार. मागं हलका धूर, वळणानंतर तोही नाही. चढ सुरू झाल्यापासून माथ्यापर्यंत आठ मिनिटं.

माथ्यावर गेज काढून परत खाली आलो, अण्णांच्या गाडीला लावलं, पुन्हा चढलो. तिसरा टिकला नाही, दुसऱ्यात यावं लागलं. ०.४५ बार. धूर नाही. बारा मिनिटं. पाण्याच्या नळीत ओढ २१० मिमी. पण हा आकडा फसवा आहे हे इथंच लिहून ठेवतो. बूस्ट कमी म्हणजे फिल्टरमधून हवाच कमी जाते, मग ओढ कमी दिसणारच. गाडी बरी झाल्यावर परत मोजायचं, तोपर्यंत फिल्टरला प्रमाणपत्र नाही.

अण्णा पुढं लातूरला गेले, मी तुळजापुरातून एसटीनं परत. बसमध्ये बसून एकच विचार चालला होता. बूस्ट कमी म्हणून डिझेल कमी, की डिझेल कमी म्हणून बूस्ट कमी? दोन्ही एकमेकांना धरून बसलेत. एकाचा हात सोडवल्याशिवाय दुसरा हलणार नाही.

७ जानेवारी, मंगळवार

सकाळी स्टार्टला वेळ लागतो हे मनात होतं. फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) आधीच्या लाइनमध्ये पारदर्शक नळीचा तुकडा घातला. इंजिन चालू केलं आणि पाच मिनिटांत बुडबुडे दिसले. टाकीकडून येताना डिझेलबरोबर हवा ओढली जातेय. शोधत गेलो : पाण्याच्या वाटीच्या प्री-फिल्टरचा बँजो बोल्ट (आतून भोक असलेला, पाइप जोडायचा बोल्ट), त्याचे तांब्याचे वॉशर कुणीतरी जुनेच परत वापरलेले. नवीन घातले, बुडबुडे बंद. टाकीतली जाळीही काढून धुतली, तिच्यावर शेवाळासारखा चिकट थर होता. दोन्ही डिझेल फिल्टर नवीन. पंपाच्या गॅलरीतलं प्रेशर घेतलं, रेसवर दीड बार, ठीक.

मला पक्कं वाटतंय की हेच. डिझेल कमी, धूर नाही, स्टार्टला वेळ, सगळं जुळतंय.

८ जानेवारी, बुधवार

जुळलं नाही. आज भरलेल्या गाडीत परत घाट. ०.४५ बार, कालच्या कामाचा काट्यावर काहीच परिणाम नाही. सकाळी मात्र पहिल्या सेल्फला स्टार्ट झाली. म्हणजे बुडबुड्यांचा दोष खरा होता, पण तो स्टार्टिंगचा दोष होता, घाटाचा नव्हता. माझा अंदाज चुकला. गेज नसतं तर मी "आता बरं वाटतंय" असं म्हणून गाडी सोडली असती, आणि अण्णांनाही माझ्या भिडेपोटी बरं वाटलं असतं.

९ जानेवारी, गुरुवार

दिवसभर गॅरेजवर येणाऱ्या प्रत्येकाचं एकच मत : "पंप वाढवून घ्या." म्हणजे पंपाचा डिझेलचा स्क्रू फिरवून जास्त डिझेल सोडायचं. गाडी ओढेल, हे खरं आहे. मी हे करणार नाही, आणि का करणार नाही ते हेल्परसाठी सविस्तर लिहितो.

पंपवाल्यानं टेस्ट बेंचवर मिलिलिटर मोजून सील मारलेलं असतं. कमी हवेत जास्त डिझेल घातलं की ते पूर्ण जळत नाही, काळा धूर होतो, एक्झॉस्टचं तापमान चढतं. पिस्टनचा माथा आणि टर्बोचा एक्झॉस्टकडचा पंखा ते सोसत राहतात, आणि घाटातून उतरल्यावर ड्रायव्हरला काही कळतही नाही. मूळ दोष तसाच राहतो, वर एक नवा तयार होतो. उद्या कोणी तो मूळ दोष काढला की पंप जास्त डिझेल देतच राहणार. मग सील तोडलेला पंप परत बेंचवर न्यायचा खर्च.

पण या सल्ल्यांतूनच मला वाट सापडली. पंपाला डिझेल वाढवायला सांगतो कोण? टर्बोच्या गाडीत हे काम एलडीएचं असतं. पंपाच्या गव्हर्नरच्या डोक्यावर ती तबकडीसारखी टोपी दिसते, तिच्यात रबराचा पडदा आणि स्प्रिंग. मॅनिफोल्डमधून एक बारीक पाइप तिच्यापर्यंत येतो. बूस्ट आला की पडदा दबतो, रॉड खाली सरकतो, आणि पंपाच्या रॅकला (डिझेलचं माप ठरवणारी दांडी) पुढं जायला मोकळीक मिळते, मग जास्त डिझेल. बूस्ट नसेल तर रॅक अडवलेला राहतो, म्हणजे गाडी धूर ओकत नाही. चांगली योजना आहे. पण तो बारीक पाइपच खोटं बोलायला लागला तर? मॅनिफोल्डमध्ये हवा आहे, आणि एलडीएला निरोपच पोचत नाही. पंप समजतो टर्बो झोपलाय, डिझेल आखडतं घेतो. डिझेल कमी म्हणून टर्बो खरोखरच झोपतो.

पाटीवरच्या "धूर नाही"चा अर्थ आज नीट लागला.

संध्याकाळी एलडीएला रेग्युलेटरमधून एक बार हवा दिली. रॉड हलला, दहा मिनिटं काटा जागचा हलला नाही. पडदा शाबूत आहे.

१० जानेवारी, शुक्रवार

दोन गेज. एक मॅनिफोल्डच्या टीवर, दुसरा एलडीएच्या तोंडाशी टी घालून. दोन नळ्या, दोन्ही खिडकीतून आत, हेल्पर दोन्ही हातांत दोन गेज धरून बसलेला. घाटातल्या दुसऱ्या वळणावर त्यानं ओरडून सांगितलं, "मिस्त्री, एक पंचेचाळीसला, दुसरा दहाला!"

मॅनिफोल्ड ०.४५, एलडीए ०.१०.

अण्णांना गाडी बाजूला घ्यायला सांगितली. मला तिथंच बघायचं होतं. तो पाइप ब्लॉकच्या कडेनं एका पत्र्याच्या क्लिपमधून जातो. क्लिपमधलं रबर कधीच गळून पडलेलं, आणि पत्र्यानं पाइपला वर्षानुवर्षं घासून चीर पाडलेली. चीर पाइपच्या मागच्या बाजूला, समोरून अजिबात दिसत नव्हती. बोट फिरवल्यावर नखाला लागली. मॅनिफोल्डकडचा बँजो बोल्ट उघडला तर त्याचं बारीक भोक ऑइलमिश्रित काजळीनं निम्म्याहून जास्त बुजलेलं. म्हणजे एका टोकानं हवा आत येईना आणि वाटेत उरलेली बाहेर निसटतेय.

चार इंचांच्या तुकड्यात साडेअठ्ठावीस हजारांचं उत्तर. अण्णांनी तो पाइप हातात घेतला, चिरेवर अंगठा फिरवला आणि काहीच बोलले नाहीत. मलाही काही सुचलं नाही.

११ जानेवारी, शनिवार

त्याच जाडीचा नवा स्टीलचा पाइप वाकवून बसवला, दोन्ही टोकांना नवे वॉशर, बँजोचं भोक तारेनं साफ करून हवेनं फुंकलं. क्लिपमध्ये रबराची नळी कापून घातली. एलडीएच्या स्प्रिंगला, स्क्रूला हात लावला नाही.

दुपारी घाट. दोन्ही गेज एकसारखे : ०.७५ आणि ०.७५. तिसरा गिअर टिकला, अगदी माथ्याजवळ मात्र दम लागला. साडेनऊ मिनिटं.

आणि मागं काळा धूर, चांगला दाट.

अण्णा घाबरले. "आता हे काय नवीन, मिस्त्री? आधी धूर तरी नव्हता." त्यांचं घाबरणं बरोबर आहे, पण मला तो धूर बघून बरं वाटलं. पंप जागा झाला आणि डिझेल द्यायला लागला. आता हवा कमी पडतेय हे दिसतंय, आणि हवा कुठं जाते ते शोधणं सोपं. पहिला दोष दुसऱ्याला झाकून बसला होता. पहिला काढला नसता तर दुसरा कधी दिसलाच नसता. व्याह्यांच्या गाडीला १.१०, आपल्याला ०.७५. टर्बो आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये कुठंतरी भोक आहे.

तोवर अण्णांना सांगितलं, लोड हलका घ्या आणि घाटात पूर्ण दाबू नका.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्यासाठी गॅरेज बंद. हेल्परच्या घरचे दरवर्षी नंदीध्वजांच्या मिरवणुकीत असतात, त्याला यात्रेची पूर्ण सुट्टी दिली. मीही संमती कट्ट्यावर, जिथं हा सोहळा होतो, जाऊन आलो. सातही नंदीध्वजांच्या काठ्या बघितल्या की नवं वर्ष सुरू झाल्यासारखं वाटतं.

१६ जानेवारी, गुरुवार

इंटरकूलर उतरवला. इंटरकूलर म्हणजे हवेचा रेडिएटर. एक बार बूस्टला टर्बोतून निघणारी हवा सव्वाशे-दीडशे अंशांच्या घरात असते. ती थंड केली की आकसते, आणि तेवढ्याच सिलिंडरमध्ये जास्त मावते. रेडिएटर गळला तर खाली पाणी दिसतं, हा गळला तर काहीच दिसत नाही. म्हणून याच्याकडं कोणी बघत नाही.

दोन्ही तोंडांना टायरच्या ट्यूबचं रबर लावून पत्र्याच्या टोप्या बसवल्या, वरून साखळीनं बांधल्या. साखळी बांधल्याशिवाय हे काम करायचं नाही आणि टोपीच्या समोर कोणी उभं राहायचं नाही. दीड बार हवा फार दिसत नाही, पण एवढ्या मोठ्या पोकळीत भरली की टोपी सुटून माणसाचं हाड मोडेल. दीड बार भरून व्हॉल्व्ह बंद केला. दहा सेकंदांत काटा अर्ध्यावर. साबणाच्या पाण्याची गरजच पडली नाही, हाताला झुळूक लागत होती : डाव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात, टाकी आणि जाळी जोडलेली असते त्या शिवणीत सात सेंटिमीटर चीर.

तिथं चीर का पडली, हे कळल्याशिवाय वेल्डिंग करून उपयोग नाही. इंटरकूलर चार रबरी बुशांवर टांगलेला असतो. डाव्या खालचा बुशच जागेवर नाही, बोल्ट सरळ लोखंडावर लोखंड. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्या एका कोपऱ्यानं खाल्ला. उरलेले तीन बुशही वाळलेले.

१७ जानेवारी, शुक्रवार

ॲल्युमिनियम आहे, साध्या वेल्डिंगनं धरत नाही, आरगॉन लागतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक कारागीर चांगलं करतो. त्याच्याकडं न्यायच्या आधी इंटरकूलर आतून रॉकेलनं, मग साबणाच्या गरम पाण्यानं दोनदा धुतला आणि उन्हात पूर्ण वाळवला. आत ऑइल राहिलं तर चिरेतून बाहेर येऊन वेल्ड फुगतो, आणि रॉकेलचा वास राहिलेल्या पोकळीवर तर वेल्डिंग करायचंच नाही. सोळाशे रुपये घेतले. परत दीड बार भरून पाच मिनिटं ठेवला, काटा हलला नाही. चारही बुश नवीन. दोन होज आतून फुगलेले होते, तेही बदलले, पट्टीच्या क्लिपा काढून बोल्टच्या क्लिपा लावल्या.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघून घेतले, दोन एक्झॉस्टचे घट्ट होते, बरोबर केले.

१८ जानेवारी, शनिवार

सोळा टन, तोच घाट, तोच गिअर, १८०० आरपीएम.

मॅनिफोल्ड १.०५. एलडीए १.०५. सुरुवातीला पाय दाबताना हलका धूर, मग साफ. आठ मिनिटं दहा सेकंद. व्याह्यांच्या गाडीपेक्षा ०.०५ कमी, पण माझ्या गेजवर तेवढंच सगळ्यात लहान घर आहे, त्याच्यामागं लागण्यात अर्थ नाही. फिल्टरची ओढ आता ४३० मिमी. तोच फिल्टर, तीच नळी, सहा तारखेला २१० होती. मर्यादेच्या आत आहे, फिल्टर चालेल.

माथ्यावर अण्णांनी गाडी लावली, खाली उतरून बॉनेटवर हात ठेवला आणि तुळजापूरच्या दिशेनं हात जोडले. मग मला म्हणाले, "तिसऱ्यात आली, मिस्त्री." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तुळजापुरातून एसटी पकडायची म्हटलं तर सोडायला तयार नाहीत, दर्शन करून, चहा पाजूनच सोडलं.

बिल : पाइप, वॉशर, बुश, होज, फिल्टर, वेल्डिंग आणि मजुरी धरून अकरा हजार चारशे. मजुरी मी कमी लावली. आठ तारखेची चुकलेली फेरी त्यांच्या डिझेलवर झाली होती.

२५ जानेवारी, शनिवार

हैदराबादच्या कांद्याच्या दोन खेपा झाल्या. ॲव्हरेज ३.९. कमी ताकदीची गाडी कमी डिझेल खात असेल असं लोकांना वाटतं. पण ती खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ रखडते, म्हणून शेवटी जास्तच खाते.

पाटी आज पुसली.

१२ एप्रिल, शनिवार

जानेवारीची थंड हवा दाट असते, त्यात मोजलेला आकडा पूर्ण खरा धरायचा नाही, असं तेव्हाच ठरवलं होतं. म्हणून आज मुद्दाम अण्णांना दुपारी दोनला बोलावलं. बाहेर बेचाळीस अंश, डांबर मऊ पडलेलं. घाटात १.०० बार, तिसरा गिअर टिकला, पाणी तापलं नाही. पाइपच्या क्लिपमधलं रबर जागेवर. इंटरकूलरच्या वेल्डवर साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही.

मॅनिफोल्डवरचा टी काढला नाही. त्याला पितळी टोपण बसवलं आणि शेजारी पांढऱ्या रंगानं लिहिलं : "१.०५ - १८/१/२५".